मास्तरांच्या खडूच्या खुणा

माझं वाचन मेडिकलच्या काउंटरवर होतं. सकाळी नऊला शटर वर गेलं की रात्री साडेनऊपर्यंत मी इथंच. अंबाजोगाईत दवाखान्यांना तोटा नाही. ओपीडी सुटली की गर्दी होते, मग अर्धा-पाऊण तास शांत. त्यात जी दहा-बारा पानं होतात तेवढी माझी. खूण म्हणून गोळ्यांची रिकामी स्ट्रिप घालून ठेवते. चिठ्ठी घेऊन आलेलं माणूस गोळ्या मोजून होईपर्यंत पुस्तकाकडं बघतं आणि हमखास विचारतं, "काय वाचायलाव ओ ताई?" या प्रश्नाला मी कधीच "काही नाही" म्हणत नाही. आज लिहायला बसले ती त्या प्रश्नामुळंच.

देविदास सौदागर यांची 'उसवण' वाचत होते तेव्हा शेजारच्या गाळ्यातले टेलर मास्तर बीपीची गोळी न्यायला आले होते. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, "शिंप्याची गोष्ट आहे. लिहिणारा आपल्या तुळजापूरचा आहे, स्वतः मशीनवर बसलेला. रेडिमेड कपडे आले आणि शिवणकाम कसं बसत गेलं ते लिहिलंय. 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालाय त्याला." मास्तर गोळी हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "शिंप्यावर पुस्तक? आन् दिल्लीचा पुरस्कार?" माझी शेवटची वीस पानं राहिली होती. ती मी त्याच दुपारी संपवली आणि पुस्तक त्यांच्या कटिंगच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

पंधरा दिवस काही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही. पुस्तक दिल्यावर "कसं वाटलं, कसं वाटलं" म्हणून मागं लागलं की माणूस वाचायचं सोडून देतो, असा माझा अनुभव आहे. सोळाव्या दिवशी ते स्वतःच घेऊन आले. पानं उघडली तर कडेला निळ्या खडूच्या खुणा. कापडावर माप टाकायचा तो चपटा खडू. कुठं नुसती रेघ, कुठं बरोबरची खूण, एका ठिकाणी तर अर्ध्या पानाला उभी रेघ, टेपपट्टी लावून ओढल्यासारखी सरळ. म्हणाले, "जिथं जिथं माझं हाय, तिथं तिथं केलंय."

पुसू नका, असं मी त्यांना सांगितलं. मग पहिल्यांदाच ते बसून बोलले. दिवाळीच्या आधी महिनाभर दुकानातच झोपायचे, तीन कारागीर होते, नवी मापं घेणं दसऱ्यालाच बंद करायला लागायचं. आता पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, जीन्सला ठिगळ. शाळेच्या गणवेशाचं हक्काचं काम होतं, ते कंत्राटात गेलं. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, तो दरवेळी त्यांच्यासाठी मॉलमधून शर्ट आणतो. हे सांगताना त्यांनी अंगातल्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून मला दाखवली. काही बोलले नाहीत. टाका बघत होते.

मी त्यांना दासोपंतांच्या पासोडीची गोष्ट सांगितली. पासोडी आमच्या गावचीच, पण नुसतं नाव माहीत असलेले जास्त. पासोडी म्हणजे जाड चादर. दासोपंत सोळाव्या शतकातले संतकवी, त्यांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहिला तो कापडावर. 40 फूट लांब, 4 फूट रुंद. मास्तरांनी लगेच हिशोब केला, "म्हंजे बारा मीटर, पन्हा अठ्ठेचाळीसचा. सहा शर्टाचं कापड." जरा थांबून म्हणाले, "त्याला शाई कशी धरली असंल ओ?" पासोडीबद्दल भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. हा प्रश्न त्या भाषणांत एकदाही आला नव्हता.

आता मनातलं स्पष्ट लिहिते. अशा पुस्तकांना 'ग्रामीण' म्हणून बाजूला काढून ठेवतात, त्याचा मला राग येतो. तुळजापूर हे जिवंत शहर आहे. तिथं बाजारपेठ आहे, हप्ते आहेत, मोबाईलची दुकानं आहेत. पुण्यातल्या फ्लॅटमधल्या माणसावर लिहिलं की ते नुसतं साहित्य, आणि आमच्या मेन रोडवरच्या शिंप्यावर लिहिलं की ग्रामीण, हे कोणी ठरवलं? मराठवाडा म्हटलं की भेगाळलेली जमीन, रिकामा हंडा, डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी, हे चित्र मुखपृष्ठावर टाकून झालं की आतलं न वाचताच समजल्यासारखं होतं. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'मधल्या कथा मला यासाठीच आवडतात. त्यातली माणसं राजकारण करतात, डाव ओळखतात, अडतात, पुन्हा उभी राहतात. दया मागत नाहीत.

दुसरं पुस्तक कृष्णात खोत यांचं 'रिंगाण'. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे. धरणापायी उठलेलं गाव आणि मागं राहिलेल्या म्हशीला आणायला परत गेलेली माणसं. मुलूख तिकडचा, कोल्हापूरकडचा. आईला डोळ्यांमुळं वाचता येत नाही, म्हणून रात्री जेवणं झाली की मी मोठ्यानं वाचायचे. माझं आजोळ जायकवाडी धरणात गेलं. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं, हे आम्ही शाळेत पाठ केलं होतं. उद्घाटनाच्या आधीच कधीतरी आईचं गाव उठलं होतं, ते मात्र कुठल्या धड्यात नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या रात्री आईनं हातानं थांबवलं. म्हणाली, "आमची मांजर ऱ्हायली होती. गाडीत बसंना. बा म्हनला, चला, येईल मागून." थोड्या वेळानं, "कशाची येती."

जुनं घर, मारुतीचं देऊळ, पाण्यात गेलेली चिंच हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले. मांजर पन्नास वर्षांत पहिल्यांदा आली. कोणीतरी म्हशीबद्दल लिहिलं म्हणून आली. मला याच्याहून जास्त पुस्तकाकडून काही नको. त्या रात्री पुढं वाचलं नाही.

सुधीर रसाळ सरांचं 'विंदांचे गद्यरूप' हे समीक्षेचं पुस्तक मात्र काउंटरवर जमत नाही, ते रविवारीच. अर्धं झालंय, सावकाश करते.

आणि न वाचण्याचे दिवसही सांगायला हवेत. 2025 च्या सप्टेंबरात पाऊस थांबेना, मांजरा-सिंदफणा काठ सोडून शेतात शिरल्या, सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं. तेव्हा दुकानात ओआरएस आणि चिखल्यांचं मलम एवढंच जात होतं. पाण्यात उभं राहून पायांच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेली माणसं काउंटरसमोर उभी राहायची. तिथं पुस्तक उघडून बसायला माझा हात धजावला नाही. दोन आठवडे एक पान नाही. एका बाईनं मलमासोबत पोराच्या दोन वह्या मिळतील का विचारलं, दप्तर भिजून लगदा झालं होतं. मी शेजारच्या दुकानातून आणून दिल्या.

लोक वाचत नाहीत, हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही. तालुक्याच्या गावात पुस्तकाचं दुकान म्हणजे स्पर्धा परीक्षेचे गाईड आणि वह्या. कथा-कादंबरी मागितली की दुकानदार मागवतो म्हणतो आणि विसरतो. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे, गावोगावी वाचनालयांच्या पाट्याही आहेत. पण मी एका वाचनालयात 'उसवण' विचारली तेव्हा तिथल्या माणसानं अनुदान आलं की बघू असं सांगितलं. त्याचाही दोष नाही, त्याचाच पगार थकलेला होता. पुस्तक तुळजापुरातून दिल्लीला पोचतं, पण तुळजापूरच्या मानानं जवळच्या आमच्या कपाटात पोचत नाही. ज्याच्या मशीनवर लिहिलंय त्याच्या हातात ते पडायला गोळी संपावी लागते.

म्हणून मी आता माझी पुस्तकं घरी नेत नाही. औषधांच्या रॅकच्या खालचा एक खण मोकळा केला आहे. अंबाजोगाई, केज, परळीकडचं कोणी असेल तर यावं. वही ठेवली आहे, नाव आणि तारीख लिहायची, डिपॉझिट नाही. 'उसवण' सध्या समोरच्या पिको-फॉलवाल्या ताईंकडं आहे. "निळ्या खुणा कोनाच्या?" असं त्यांनी काल विचारलं. मास्तरांच्या म्हटल्यावर म्हणाल्या, मग मी लाल खडूनं करते.

'रिंगाण' मोकळं आहे.