ब्रेकमधली हवा काढा, माझी समजूत काढू नका

ब्रेक पहिल्यांदा दाबला की पेडल मऊ लागतं आणि पार खाली जातं. लगेच दुसऱ्यांदा दाबला की वर येतं, कडक होतं. याचा अर्थ ब्रेक ऑइलच्या लाइनने एअर धरलीय, म्हणजे नळीत हवा शिरलीय, नाहीतर मागच्या ड्रममधले शूज सैल झालेत. कुठल्याही जुन्या मेकॅनिकला झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेल. आणि मला गॅरेजवाला काय सांगतो? ‘साहेब, या मॉडेलचं पेडल असंच असतं.’ असंच कसं असेल? हीच गाडी वर्षभरापूर्वी बोटभर दाबली की जागच्या जागी उभी राहत होती!

मग म्हणे पॅड गेलेत. टाकले नवे पॅड, दिलं बिल, पेडल होतं तसंच. अरे, नवे पॅड टाकून लाइनमधली हवा कशी जाईल? ऑइल दाबलं जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. हवा दाबली जाते, म्हणून तो जोर वाटेतच मरतो. शाळेतलं विज्ञान आहे हे. पण पॅडमध्ये पैसे सुटतात आणि ब्लीडिंगला, म्हणजे ही हवा काढायला, अर्धा-पाऊण तास दोन माणसं अडकतात, म्हणून ते काम कुणालाच नको असतं.

भांडून शेवटी ब्लीडिंग करायला लावलं, तर ते बघून डोकंच फिरलं. एक पोरगा आत बसून मोबाइल बघत पेडल मारतोय, दुसरा खाली चाकाजवळचा हवा काढायचा निपल सैल करून बसलाय. ना पारदर्शक नळी, ना बाटली, ऑइल सरळ जमिनीवर. निपल उघडा असतानाच वरच्याने पाय उचलला! म्हणजे जी हवा बाहेर काढायची तीच परत आत ओढली. पेडल दाबून धरायचं, निपल उघडायचा, बुडबुडे आणि ऑइल बाहेर येऊ द्यायचं, निपल आवळायचा आणि मगच पाय उचलायचा. एवढं साधं आहे हो! वर रिझर्व्हॉयरकडे, म्हणजे ऑइलच्या टाकीकडे, कुणाचंच लक्ष नाही. ते रिकामं झालं की पेडलचा जोर ऑइलवर देणाऱ्या मास्टर सिलेंडरमधून नवी हवा आत, आणि चाकं लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावावा लागतो. त्याचं वेगळं बिल, अर्थात माझ्याच नावावर.

आणि ऑइल कुठलं? फळीवरचा झाकण उघडा डबा. भर पावसाळ्यात! ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ या दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांना उकळायला हवं, पण त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. म्हणून तर बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये दर दोन वर्षांनी ऑइल बदला असं लिहिलेलं असतं. वरंधा किंवा कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक तापतात, मुरलेलं पाणी उकळतं, लाइनमध्ये वाफ धरते आणि पाय थेट तळाला टेकतो. गाडीत माझे आईवडील असतात, पोरं असतात. तिथे कुणाला सांगू, या मॉडेलचं पेडल असंच असतं?

पेडलच्या तक्रारीवर टॉप-अप करून गाडी परत देणाऱ्यांचा तर मला सगळ्यात जास्त संताप येतो. पातळी का उतरली, हे बघायचंच नाही. मागच्या चाकाच्या आतून ऑइल झिरपत असेल, शूज ढकलणारा व्हील सिलेंडर गेला असेल. वाकून बघायला काय जातं?

आता सीलबंद डबा माझ्यासमोर फोडायचा. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये दिलाय तोच, अंदाजाने नाही. चारही चाकांचं ऑइल स्वच्छ, बिनबुडबुड्याचं येईपर्यंत थांबायचं नाही. मग इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरा आणि मला दाखवा. तरीही ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलेंडर उघडा. आणि त्या पॅडचे पैसे परत करा.