मामा, गेटवेच्या पायऱ्या राहू द्या
तो फॉरवर्ड कालपासून तिसऱ्यांदा आलाय, या वेळी फॅमिली ग्रुपवर, मामांकडून. ‘1300 किलोमीटरवरचा उपग्रह मिलिमीटर कसा मोजणार? समुद्र वाढतोय ही थाप! गेटवेच्या पायऱ्या जिथल्या तिथे आहेत, ग्लासातला बर्फ वितळून पाणी सांडत नाही, आणि आकडे तर मागाहून बदलतात.’ एरवी सोडून दिलं असतं. पण आईने लगेच विचारलं, ‘मग मावशीने माहीमची ती तळमजल्याची खोली घ्यायला हरकत नाही ना?’

आधी मिलिमीटर. एका मोजणीत मिलिमीटर सापडतो असं कुणीच म्हणत नाही, मामा. उपग्रह रडारची पल्स खाली सोडतो आणि ती पाण्यावर आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. ती एका लाटेवर पडतच नाही. काही किलोमीटर रुंद पाण्यावर पडते, त्यात लाटांचे शेंडे आणि खळगे दोन्ही आले. उपग्रह स्वतः कुठे आहे ते लेसरने आणि जीपीएसने पाहतात. हवेतल्या बाष्पामुळे झालेला उशीर वजा करतात. एवढं करूनही दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होतातच. पण 1992च्या टोपेक्स-पोसायडनपासून जेसन आणि आताच्या सेंटिनेल-6पर्यंतच्या उपग्रहांचा दर दहा दिवसांनी तोच मार्ग. सेकंदाला एक मोजणी धरा, दहा दिवसांत समुद्रावरच्या पाच लाखांवर होतात. सरासरीत चुका एकमेकींना खातात, मिलिमीटर उरतात. 1993पासूनची जगभरच्या समुद्राची सरासरी वाढ 10 सेंटिमीटरच्या आसपास. नासाच्या हिशोबाने वेग तेव्हा वर्षाला सुमारे 2 मिलिमीटर होता, आता 4च्या वर आहे. नासा नको? 2013चा सरल हा उपग्रह तर आपल्या इस्रोनेच सोडलेला, फ्रान्सच्या भागीदारीत. कामही हेच.

आकडे बदलतात, हे मात्र खरं. टोपेक्सच्या पहिल्या काही वर्षांच्या मोजणीत दोष होता, तो किनाऱ्यावरच्या टाइड गेजशी, म्हणजे समुद्राची पातळी मोजणाऱ्या यंत्राशी, ताडून पाहताना सापडला. दुरुस्तीनंतर त्या वर्षांची वाढ कमी झाली. आकडे फुगवायचे असते तर हा उद्योग कशाला केला असता?

गेटवे 1924चा. मुंबईची टाइड गेजची नोंद 1878पासूनची, आणि तिच्यात वाढ वर्षाला मिलिमीटरहून कमीच आहे, मान्य. म्हणजे शंभर वर्षांत चार बोटं. जिथे मोठ्या भरतीला पाणी चार मीटरच्या वर चढतं, तिथे पायरीवर उभं राहून चार बोटं कुणाला दिसतील?

बर्फाचं तर काय बोलायचं. ग्रीनलँडचा बर्फ जमिनीवर बसलाय, ग्लासात नाही. शिवाय तापलेलं पाणी फुगतंही.

मावशीला म्हटलं, जुलैत भरतीच्या वेळी जाऊन गटार बघ. एजंटने खोली मे महिन्यात दाखवली होती, ओहोटीला.