शेक्सपिअर 'ओल्ड इंग्लिश'मधला नाही आणि फिलिस व्हीटली निरक्षर नव्हती

भाची यंदा सेटला, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला बसतेय. परवा रात्री साडेअकराला तिने एक फॉरवर्ड पाठवला: 'इंग्लिश व अमेरिकन लिटरेचरचे सर्व कालखंड, फक्त १० मिनिटांत!' खाली तिचा प्रश्न, "मावशी, एवढं पाठ केलं तर चालेल ना?" हाच मेसेज त्या आठवड्यात माझ्याकडे आधी दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा सोडून दिला. पण घरातलीच पोर तो पाठ करायला बसली म्हटल्यावर गप्प बसवेना.

मेसेजात मोठ्या ठशात पाच दावे आहेत. त्याच क्रमाने जाते, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही. तेवढी त्यांची लायकी नाही.

पहिला दावा: 'शेक्सपिअरने ओल्ड इंग्लिशमध्ये लिहिले, म्हणून तो समजत नाही.' ओल्ड इंग्लिश म्हणजे काय ते आधी ऐका: 'फॅदेर ऊरे, थू थे एआर्त ऑन हेओवोनुम.' ही ख्रिस्ती लोकांची रोजची प्रार्थना आहे. पहिला शब्द अंदाजाने लागतो, पुढे अंधार. आता शेक्सपिअर घ्या: 'टू बी, ऑर नॉट टू बी, दॅट इज द क्वेश्चन.' पाचवीतल्या मुलाला न येणारा एक तरी शब्द यात आहे का? ओल्ड इंग्लिशचा काळ इंग्लंडवरच्या १०६६ च्या नॉर्मन स्वारीच्या आसपास संपतो. त्यानंतरची ती मिडल इंग्लिश, त्यातला मोठा कवी चॉसर, तो १४०० मध्ये गेला. शेक्सपिअर जन्मला १५६४ ला. म्हणजे आपल्या एकनाथ महाराजांचा समकालीन. त्याची इंग्रजी आधुनिकच, फक्त सुरुवातीची. तो अवघड जातो हे कबूल, मीही वर्गात घाम गाळलाय. पण ते शब्दांचे अर्थ सरकल्यामुळे आणि त्याचे निम्मे विनोद शिळे झाल्यामुळे.

दुसरा: 'जेन ऑस्टिन ही प्रमुख व्हिक्टोरियन कादंबरीकार.' ऑस्टिन वारली १८१७ मध्ये. व्हिक्टोरिया राणी जन्मली १८१९ मध्ये. पुढे चला.

तिसरा: 'रोमँटिक युग १७९८ मध्ये सुरू झाले, यात प्रेमकविता लिहिल्या गेल्या.' १७९८ हे साल चुकीचं नाही, परीक्षेत तेच लिहायचं. त्या वर्षी वर्डस्वर्थ आणि कोलरिज यांचं 'लिरिकल बॅलड्स' आलं, तेही कवींची नावं न छापता. पण म्हणून आदल्या रात्री कुणी घंटा वाजवली नव्हती. याच युगातला धरला जाणारा कवी ब्लेक, त्याचं 'साँग्ज ऑफ इनोसन्स' १७८९ चं आहे. राहिल्या प्रेमकविता. त्या १७९८ च्या पुस्तकातली पहिलीच कविता काढून बघा. एक म्हातारा खलाशी विनाकारण अल्बट्रॉस पक्षी मारतो, जहाज भर समुद्रात वाऱ्याविना अडकतं आणि तहानेने व्याकूळ झालेली दोनशे माणसं पटापटा मरून पडतात. फारच प्रेमळ. 'रोमँटिक' ही पाटी या कवींवर नंतरच्यांनी लावली. ते स्वतः एका झेंड्याखाली उभे नव्हतेच. त्यांच्यातल्याच बायरनने 'डॉन वान' या काव्याच्या अर्पणपत्रिकेत सदी, वर्डस्वर्थ, कोलरिज या तिघा कवींची यथेच्छ टवाळी केलीय.

चौथा दावा असा की अमेरिकन साहित्य १७७६ ला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर सुरू झालं. आणि पाचवा, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले, तो जसाच्या तसा देते: 'काळे लोक निरक्षर असल्यामुळे त्यांचे साहित्य १९२० च्या हार्लेम रेनेसाँसपासून सुरू होते.'

या दोघांना एकच पुस्तक पुरेसं आहे. १७७३ साली लंडनमध्ये छापलेला फिलिस व्हीटलीचा कवितासंग्रह. स्कॅन केलेली पानं इंटरनेटवर फुकट आहेत, भाचीलाही तीच पाठवली. सुरुवातीला लंबगोलात चित्र आहे: मेजाशी बसलेली तरुणी, हातात पीस, दुसऱ्या हाताची बोटं गालाला टेकलेली. कडेने गोल अक्षरं: बोस्टनच्या जॉन व्हीटली यांची निग्रो नोकर. नोकर हा सभ्यपणा झाला. १७६१ मध्ये सात-आठ वर्षांची असताना तिला आफ्रिकेतून आणून बोस्टनमध्ये विकलं होतं. 'फिलिस' हे नावसुद्धा तिला आणणाऱ्या जहाजाचं. मालकाचंही एक पत्र आत छापलंय. तो सांगतो की ही पोर सोळा महिन्यांत इंग्रजी शिकली आणि बायबलमधले अवघड भाग वाचू लागली.

पुढची पानं उलटली की एक प्रमाणपत्र लागतं. बोस्टनच्या अठरा बड्या असामींनी नावानिशी लिहून दिलंय की या कविता हिनेच लिहिल्या आहेत. त्यातच तिला 'काही वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेली असंस्कृत रानटी' असंही म्हटलंय. सह्या करणाऱ्यांत गव्हर्नर हचिन्सन आहेत आणि जॉन हॅनकॉकही आहे. हॅनकॉक म्हणजे तोच, तीन वर्षांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सगळ्यांत मोठी सही ठोकणारा. तेव्हा १७७६ च्या आधी साहित्य नव्हतं म्हणणाऱ्यांनी त्यालाच विचारावं. (अमेरिकेतल्या वसाहतीत राहणारी कवयित्री ॲन ब्रॅडस्ट्रीट, तिचा संग्रह तर १६५० चा. तिच्या मेव्हण्याने तिला न विचारता हस्तलिखित लंडनला नेऊन छापून घेतला.)

आता 'निरक्षर'. साउथ कॅरोलायनात १७४० सालच्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणाऱ्याला दंड होता. पुढच्या शतकात इतर राज्यांतही असे कायदे झाले. शिकू द्यायचं नाही आणि वर निरक्षर म्हणायचं, ही तऱ्हा आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सज्जनांना. पुण्यात बसलेल्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वी कळत होतं ते या 'नोट्स'वाल्यांना कळू नये?

गुलामीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसची मालकीण त्याला बाराखडी शिकवत होती, तिच्या नवऱ्याने ते बंद पाडलं. मग तो निरोपाला बाहेर पडताना खिशात ब्रेड घेऊन जायचा आणि गल्लीतल्या उपाशी गोऱ्या पोरांना तो देऊन त्या बदल्यात अक्षरं शिकायचा. त्याचं आत्मचरित्र आलं १८४५ मध्ये. दुसरं १८५५ मध्ये.

हे १८५५ लक्षात ठेवा, कारण गोची तिथे आहे. सगळ्या नोट्समध्ये 'अमेरिकन रेनेसाँस' नावाचा एक रकाना असतो. हे नाव रूढ केलं समीक्षक एफ. ओ. मॅथिसनच्या १९४१ मधल्या पुस्तकाने. त्याने १८५० ते १८५५ ही वर्षं आणि पाच लेखक धरले: एमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल, व्हिटमन. व्हिटमनचं 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' १८५५ चं, म्हणून तो आत. डग्लसचं पुस्तकही त्याच साली आलेलं, पण तो बाहेर. मग रकाने बघून नोट्स काढणाऱ्याला १९२० पर्यंत एकही काळा लेखक दिसत नाही आणि तो बिनदिक्कत 'निरक्षर' लिहून मोकळा होतो.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२० च्या दशकात काळ्या लेखकांची फार मोठी लाट आली, हाच तो हार्लेम रेनेसाँस, हे खरंच. लँगस्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन, नावं भरपूर आहेत आणि पाठ करायलाच हवीत. पण काळे विचारवंत डु बॉइस यांचं 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' १९०३ चं आहे. लाट काही कोरड्या वाळूतून उठली नव्हती.

हे सगळं रात्री दीडपर्यंत टाईप करून भाचीला पाठवलं. सकाळी तिचं उत्तर, "मावशी, तक्त्यात व्हीटलीला कुठे टाकू? वसाहतकाळाचा रकाना भरलाय."

ब्रॅडस्ट्रीटच्या खाली, बारीक अक्षरात लिही म्हटलं. १७७३.