क्रूझर ‘लाइट’ कशाने ठरते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

क्रूझरवरचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान युद्धनौकांवरचा माझा लेख तुम्ही किती बारकाईने वाचलात, ते प्रतिक्रियेतून दिसलं. तुमचे आक्षेप तीन: दीवचा तपशील चुकला, ‘लाइट क्रूझर म्हणजे लहान क्रूझर’ ही सरळ गोष्ट मी उगाच गुंतागुंतीची केली, आणि आंग्र्यांच्या गुराबांशी (मराठा आरमारातल्या शिडाच्या लढाऊ जहाजांशी) जोडलेलं नातं ओढूनताणून आणलेलं आहे.

दीवबद्दल तुमचं बरोबर. डिसेंबर १९६१ मध्ये, गोवामुक्तीच्या वेळी, दीवला तोफा डागल्या त्या आयएनएस दिल्ली या क्रूझरने. आपली दुसरी क्रूझर, आयएनएस म्हैसूर, तेव्हा कारवारजवळच्या अंजदीव बेटापाशी होती. मी दोघींची अदलाबदल केली होती. दुरुस्ती केली आहे.

दुसरा मुद्दा मात्र मान्य नाही. १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने क्रूझरला दहा हजार टन आणि आठ इंची तोफ अशी मर्यादा घातली. पुढे १९३० च्या लंडन कराराने त्यांचे दोन वर्ग पाडले ते तोफेच्या तोंडाच्या व्यासावरून: ६.१ इंचांपर्यंत लाइट, त्यापुढे हेवी. वजनाचा त्यात संबंध नाही. म्हणून आठ इंची तोफांची ब्रिटिश क्रूझर एक्झेटर साडेआठ हजार टनांच्या आत असूनही हेवी, आणि सहा इंची तोफांची बेलफास्ट तिच्याहून जड असूनही लाइट.

आता तोफेच्या तोंडाला एवढं महत्त्व का? ब्रिटिश सहा इंची तोफेचा गोळा साधारण ५१ किलोचा, म्हणजे आपल्या तांदळाच्या मोठ्या पोत्याएवढा. खलाशी तो हातांनी उचलून तोफेत भरू शकतो. आठ इंची गोळा ११६ किलोचा. तिथे यंत्राशिवाय चालत नाही. लाइट क्रूझर मारा भराभर करते, हेवी लांबून आणि जबर. १३ डिसेंबर १९३९ ला दक्षिण अमेरिकेतल्या प्लेट नदीच्या मुखाबाहेर ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेच्या अकरा इंची तोफांनी एक्झेटरची दुर्दशा केली, तरी एजॅक्स आणि अकिलीस या दोन लाइट क्रूझरनी पिच्छा सोडला नाही, ग्राफ श्पेला माँटेव्हिडिओ बंदरात शिरायला लावलं. हीच अकिलीस १९४८ मध्ये आपली ‘दिल्ली’ झाली. दीवसमोर उभी होती ती ही.

राहिली गुराब. बांधणीची तुलना मी केलीच नव्हती, कामाची केली होती. व्यापारी वाट राखणं, शत्रूची वाट मोडणं, टेहळणी करणं, ही क्रूझरची कामं. कान्होजींची गुराब पुढच्या तोफांनी पाठलाग करायची, वारा पडला की वल्ह्यांची गलबतं तिला ओढून न्यायची, आणि दस्तक (आंग्र्यांचा परवाना) न घेतलेलं जहाज पकडलं जायचं. पण तुमच्या आक्षेपामुळे एक फरक मला नीट दिसला, तो लेखात यायला हवा होता. क्रूझर घरापासून महिनोन्‌महिने दूर राहते. १९१४ मध्ये एम्डेन या जर्मन क्रूझरने २२ सप्टेंबरच्या रात्री मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या, वीसहून अधिक व्यापारी जहाजं पकडली किंवा बुडवली, पण तिला परतायला जवळ एकही बंदर नव्हतं. कोळसासुद्धा बराचसा पकडलेल्या जहाजांवरचा. ९ नोव्हेंबरला हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांपाशी सिडनी या ऑस्ट्रेलियन क्रूझरच्या सहा इंची तोफांपुढे ती संपली.

गुराबेचं तसं नव्हतं. तिच्या पाठीशी खाडी होती. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे, वाघोटणच्या खाडीकाठी, खडक कापून केलेली गोदी आहे. गेल्या मार्गशीर्षात ओहोटीला मी तिथे उतरलो, पाय घोट्यापर्यंत चिखलात. खडकाच्या कातीव कडेला हात लावला की कळतं, भरतीला जहाज आत घ्यायचं आणि पाणी ओसरलं की त्याची डागडुजी करायची, इतकी साधी, पक्की सोय. तेव्हा गुराबेला ‘आपली क्रूझर’ म्हणालो होतो तो शब्द मी मागे घेतो. काम सारखं, राहणी वेगळी.

तुम्ही रत्नागिरीचे आहात असं लिहिलंय. अमावास्येच्या ओहोटीला गिर्येला या, मी येतो बरोबर.