गुडघ्याला कोपर लावून वेलांटी येत नाही

"लेकरू वाचताना अडखळतं? अक्षरं उलटी दिसतात? त्याचा उजवा-डावा मेंदू जुळलेला नाही. व्यायामाने मेंदू बदलतो. रोज वीस मिनिटं ब्रेन एक्सरसाइज, २१ दिवसांत डिस्लेक्सिया कायमचा बरा. सर्टिफिकेटची गरज नाही." बीड-लातूरकडच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणं, अध्ययन अक्षमतेचा एक प्रकार. मी अंबाजोगाईत विशेष शिक्षिका आहे. माझ्याकडच्या चौथीतल्या एका मुलाच्या बापाने, ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाने, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून मेसेजमधल्या ब्रेन एक्सरसाइजच्या क्लासची फी भरली. म्हणून हे लिहितेय.

"उजवा-डावा मेंदू जुळत नाही." मेंदूचे दोन्ही भाग तंतूंच्या जाड पट्ट्याने जोडलेलेच असतात. लेकरू सायकल मारतं तेव्हा दोन्ही भाग एकत्रच काम करत असतात. या क्लासमधला, उजवं कोपर डाव्या गुडघ्याला लावण्याचा प्रकार अमेरिकेतल्या पॉल डेनिसन यांच्या 'ब्रेन जिम' नावाच्या व्यायामांमधला. त्याआधीची, रांगायला लावून मेंदू घडवण्याची डोमन-डेलाकाटो पद्धत तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये नाकारली.

"अक्षरं उलटी दिसतात." बहुतेक मुलांत अडचण डोळ्यांत नसते. शब्दातले आवाज सुटे करून ते अक्षरांशी जोडणं जड जातं. या मुलाला मी 'दिवस' लिहायला सांगितलं. त्याने द काढला, पेन्सिल थांबली, मग वेलांटी दिली आणि पुढे व, स. वहीत उमटलं 'दविस'. त्याने ऐकलं तसंच लिहिलं होतं: आधी द, मग इ. आपल्या लिपीत मात्र 'इ' नंतर ऐकू येते आणि वेलांटी आधी बसते. 'सूर्य'मधला र य च्या आधी ऐकू येतो, पण रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो. हे कुणीतरी समजावून सांगावं लागतं. आम्ही चिंचोके घेतो. दि, व, स, एकेका आवाजाला एक चिंचोका सरकवायचा, मोठ्याने म्हणायचं, मग तेच अक्षर बोटाने गिरवायचं. वेलांटी जागेवर बसायला त्याला अडीच महिने लागले. रफार अजून चुकतो.

"व्यायामाने मेंदू बदलतो." बदलतो, पण ज्याचा सराव करावा तेच सुधारतं. स्मरणशक्तीच्या कसरतींवरच्या अभ्यासांचा २०१३ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांचा फायदा वाचनापर्यंत किंवा गणितापर्यंत पोचलेला दिसला नाही. उलट २००४ च्या एका अभ्यासात सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना आठ महिने आवाज आणि अक्षरांची जोडणी शिकवली, तर वाचन सुधारलं आणि मेंदूच्या डाव्या बाजूच्या वाचनाशी संबंधित भागांचं कामही वाढलं. लेकरांना खो-खो जरूर खेळू द्या, अंगाला चांगलाच आहे.

एक गोष्ट हा मेसेज पार विसरतो. आईबापाबरोबर कारखान्यावर गेलेल्या मुलाची निम्म्या वर्षाची शाळा बुडते. ते वाचनात मागे पडलं तर ती अध्ययन अक्षमता नव्हे, त्याला शाळा हवी. आमचा हा मुलगा आजीजवळ राहतो, एक दिवस शाळा बुडवत नाही, तरी अडतो. हा फरक तपासणीतून कळतो: आधी डोळे, कान, मग चाचणी. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची, डिस्लेक्सिया ओळखण्याची 'डाली' चाचणी २०१५ पासून मराठीतही आहे.

"सर्टिफिकेटची गरज नाही." मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. तिचं प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेत तासामागे २० मिनिटं जादा मिळतात. 'बरा झाला' म्हणून ते काढायचं राहिलं, तर दहावीला हे लेकरू अर्धा पेपर कोरा ठेवून येईल.

२१ दिवस संपले तेव्हा वेलांटी होती तिथेच होती. क्लासवाल्याने बापाला सांगितलं, "पोराने मनापासून केलं नाही." पोरगा शेजारीच उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, "मॅडम, मनापासून म्हणजे अजून कसं करायचं?"