रॅडबर्नचे ५९ विजय आपोआप जमा झालेले नाहीत

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये प्रॉव्हिडन्स ग्रेज संघाचा पिचर (बॅटरकडे चेंडू टाकणारा खेळाडू) चार्ल्स रॅडबर्न याने १८८४ च्या एकाच हंगामात ५९ सामने जिंकले. या विक्रमाबरोबर एक दावाही फिरत असतो : त्या काळी चेंडू खालून आणि जवळून टाकत, त्यामुळे हाताला ताण नसे, शिवाय संघाकडे दुसरा पिचरच नसल्याने विजय त्याच्या नावावर जमा होत गेले. हा दावा अन्यायकारक आहे.

खालून टाकण्याचे बंधन त्या हंगामात उरलेच नव्हते. प्रॉव्हिडन्स ज्या स्पर्धेत खेळत असे त्या नॅशनल लीगने १८८४ पासूनच खांद्यावरून चेंडू टाकण्याची मुभा दिली होती. अंतराचा आक्षेप अर्धाच खरा आहे. पिचर आणि बॅटर यांच्यातले आजचे ६० फूट ६ इंच हे अंतर पिचरच्या मागच्या पायाशी असलेल्या पट्टीपासून मोजतात, तर तेव्हाचे ५० फूट त्याच्या चौकटीच्या पुढच्या रेषेपासून मोजत. त्यामुळे चेंडू हातातून सुटतो त्या जागेतला फरक साडेदहा फुटांपेक्षा बराच कमी भरतो. चेंडू वर हवा की खाली, हे आधी सांगण्याचा हक्कही बॅटरला होता. उलट, सहा बॉल (बॅटरने न खेळलेले, ठरलेल्या पट्ट्याबाहेरचे चेंडू) पडेपर्यंत त्याला पहिला बेस, म्हणजे धावेच्या मार्गावरचा पहिला टप्पा, फुकट मिळत नसे, ही पिचरची सवलत मान्यच केली पाहिजे. पण ती सर्वांनाच होती आणि त्याच लीगमध्ये बॉस्टनचा चार्ली बफिंटन ४८, तर बफेलोचा पड गॅल्विन ४६ विजयांवर थांबला.

ताणाविषयी एवढेच, की रॅडबर्नने ६७८ डाव (एका सामन्यात साधारण नऊ) टाकले, सुरू केलेले सर्व ७३ सामने स्वतःच संपवले, आणि सकाळी केस विंचरायलाही त्याचा हात वर जात नसे, अशी आठवण सांगितली जाते.

दुसरा पिचर नसल्याचे विधान तर हंगामाच्या पूर्वार्धाला लागूच पडत नाही. चार्ली स्वीनी संघात होता आणि ७ जूनला त्याने बॉस्टनचे १९ बॅटर स्ट्राइकआउट (चेंडू मारता न आल्याने बाद) केले होते. २२ जुलैला तो भर सामन्यात मैदान सोडून गेला, संघ विसर्जित करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा जादा मोबदला आणि हंगामाअखेर करारातून मुक्तता या अटींवर रॅडबर्नने भार उचलला. पुढच्या ४३ पैकी ४० सामने त्याने सुरू केले आणि ३६ जिंकले. ऑक्टोबरमध्ये प्रतिस्पर्धी लीगचा विजेता न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्स याच्याविरुद्धचे तिन्ही सामने सलग तीन दिवसांत त्यानेच टाकले, आणि तिन्ही जिंकले.