‘कार्लसनने ठरवलं तर कॉम्प्युटर हरेल’? नाही, हरणार नाही

‘बुद्धिबळात कॉम्प्युटरने माणसाला खरं कधी हरवलंच नाही. आयबीएमच्या डीप ब्लू या कॉम्प्युटरने लबाडी केली. यंत्र नुसते जुने डाव पाठ करतं, वेडीवाकडी चाल केली की गोंधळतं. प्यादी अडकवून पट बंद केला तर कार्लसन किंवा आनंद आजही जिंकतील.’ हा फॉरवर्ड माझ्या भाचीच्या बुद्धिबळ वर्गाच्या ग्रुपवर फिरतोय आणि स्पर्धा खेळणारी मुलं तो खरा मानताहेत. म्हणून हे लिहितोय.

पाठांतराची गोष्ट सगळ्यात हास्यास्पद आहे. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन चाली होईपर्यंतच डाव ११,९०,६०,३२४ वाटांनी जाऊ शकतो. पाठ करणार तरी काय काय? २००६ साली बॉनमध्ये तेव्हाचा जगज्जेता क्रामनिक डीप फ्रिट्झ या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमशी सहा डाव खेळला. यंत्र ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या तयार चालींच्या) साठ्यातून चाली करत असेल तोवर तो साठा क्रामनिकला पडद्यावर दिसेल, असा नियमच होता. म्हणजे पाठांतर त्याच्यासमोर उघडं ठेवलेलं! तरी यंत्र ४-२ जिंकलं. दुसऱ्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळताना क्रामनिकने ३४व्या चालीला वजीर ई३ या घरावर नेला आणि पांढऱ्या वजिराने लगेच एच७वर मात केली. एका चालीतली मात जगज्जेत्याच्या नजरेतून सुटली. अशी मात यंत्राच्या नजरेतून सुटत नाही. २०१७ सालच्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमला तर माणसांचा एकही डाव दिला नव्हता. फक्त नियम दिले होते, बाकी सगळं ते स्वतःशी खेळून शिकलं.

आणि वेडीवाकडी चाल? साठा संपला की इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम) दर चालीला नव्याने शोध घेतं. मुद्दाम वाईट चाल केलीत तर बिघडते ती तुमची स्थिती. हे मुलांना शिकवणं म्हणजे त्यांचा खेळ नासवणं आहे.

बंद पटाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. २००८ साली ग्रँडमास्टर नाकामुराने ३ मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये (झटपट डावात) रिब्का या इंजिनाला असंच २७१ चालींत हरवलं. प्यादी अडकलेली होती. मोहऱ्यांच्या हिशोबात आपण पुढे आहोत असं रिब्काला वाटत होतं, म्हणून ५० चालींच्या नियमाने (५० चालींत एकही प्यादं हललं नाही आणि काहीही मारलं गेलं नाही तर) होणारी बरोबरी टाळायला तिने स्वतःचीच स्थिती उघडली आणि मार खाल्ला. अभेद्य तटबंदी ओळखताना इंजिनं अजूनही कधी कधी चुकतात. पण पट बंद करायला समोरच्याचीही साथ लागते. आजचं इंजिन प्याद्यांची साखळी घट्ट होण्याआधीच एखादं प्यादं पुढे सारून ती फोडतं. समजा पट बंद झालाच, तर पदरात बरोबरी पडेल. जिंकायचं तर कुठेतरी तो उघडावा लागतो, आणि उघडला की पुढची मारामारी इंजिनाच्या हातची.

डीप ब्लूबद्दल थोडक्यात. १९९६ साली जगज्जेता कास्पारोव्ह त्याच्याविरुद्ध ४-२ जिंकला, १९९७ साली ३.५-२.५ हरला. शेवटच्या डावातला ई६वरचा घोड्याचा बळी यंत्राच्या साठ्यातलाच होता आणि आयबीएमने पुन्हा सामना दिला नाही, हे खरं. पण ही लबाडी नव्हे. शिवाय ते यंत्र आजच्या मानाने कच्चंच होतं.

किती कच्चं, ते ब्युनोस आयर्सच्या २००९ सालच्या मर्कोसुर चषकात दिसलं. तिथे पॉकेट फ्रिट्झ ४ हे इंजिन एका मोबाईलवर खेळलं आणि माणसांविरुद्ध १० पैकी ९.५ गुण घेऊन पहिलं आलं. डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचं, हा फोन २० हजारही तपासत नव्हता. ताकद वेगात नाही, स्थिती जोखण्यात आहे. स्पर्धेच्या हॉलमध्ये फोन बंद करूनही खिशात का ठेवू देत नाहीत, हे मुलांना याच उदाहरणावरून सांगा.

बरोबरीची लढत हवीच असेल तर यंत्राचा एक घोडा आधीच काढून ठेवा. २०२० साली ग्रँडमास्टर डेव्हिड स्मर्डनने कोमोडो या इंजिनाला ५-१ हरवलं, ते असंच.